श्यामवरच्या सिनेमाला देशातलं पहिलं सुवर्णपदक मिळालं, पण खरा श्याम ते पाहायला राहिला नव्हता

वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात हिंगणी नावाचं गाव आहे. बोर धरण बघायला किंवा बोरच्या जंगलात वाघ दिसतोय का हे बघायला निघालेली माणसं या गावाच्या वाटेनं जातात.

याच हिंगणीहून उलट दिशेनं, म्हणजे सेलूमार्गे वर्ध्याकडं निघालात तर वाटेत पवनार लागतं. धाम नदीच्या काठावर विनोबा भावेंचा आश्रम. आणखी पुढं वर्ध्यात गोपुरीला गीताई मंदिर आहे. या मंदिराला छप्पर नाही. उघड्या आभाळाखाली दगडी शिळा उभ्या आहेत आणि त्यांच्यावर अख्खी गीताई कोरलेली आहे.

गीताई म्हणजे विनोबांनी मराठीत आणलेली गीता. विनोबांच्या आईला, रुक्मिणीबाईंना संस्कृत गीता समजायची नाही. आपल्याला कळेल अशी गीता आपल्याच पोरानं मराठीत लिहावी, असं त्यांना वाटायचं. पण १९१८ मध्ये त्या गेल्या. पुढं १९३० ते ३१ च्या दरम्यान वर्ध्यात राहून विनोबांनी ती लिहून काढली. आई वाचायला नव्हती, तरी पुस्तक आईसाठीच होतं.

आता गंमत बघा. त्यानंतर दोनच वर्षांनी महाराष्ट्रातल्या आणखी एका माणसानं आपल्या गेलेल्या आईसाठी पुस्तक लिहिलं. तोही विनोबांसारखाच कोकणात जन्मलेला. त्याचीही आई ऐन तरुणपणात गेलेली. आणि पुस्तक लिहायच्या आदल्याच वर्षी तो तुरुंगात विनोबांसमोर बसून त्यांचा शब्द न् शब्द कागदावर उतरवत होता.

त्या माणसाचं नाव पांडुरंग सदाशिव साने. सगळा महाराष्ट्र त्यांना साने गुरुजी म्हणतो. पुस्तक होतं श्यामची आई.

या पुस्तकावर सिनेमा आला आणि मराठी माणसाच्या दोन-तीन पिढ्या थिएटरमध्ये रडल्या. जगभरातल्या सिनेमावेड्यांना सिनेमा पॅराडिसो हा १९८८ चा इटालियन सिनेमा ठाऊक असतो. लहानगा टोटो, त्याला शहाणं करणारा म्हातारा ऑपरेटर अल्फ्रेडो, आणि मोठेपणी मागं वळून पाहणारा तोच टोटो. मराठीत याच धाटणीची गोष्ट पडद्यावर आली ती त्याच्या ३५ वर्षं आधी. फरक एवढाच की इथं पोराला घडवणारी होती त्याची आई, आणि गोष्ट एका खऱ्या माणसाच्या आयुष्यातून आली होती.

सिनेमात त्या आयुष्याचा पहिला भाग दिसतो. त्या पोराचं पुढं काय झालं, ते सविस्तर पाहायला हवं.

२४ डिसेंबर १८९९. दापोली तालुक्यातल्या पालगड गावात साने कुटुंबात मुलगा जन्मला. वडील सदाशिवराव, आई यशोदाबाई. घराणं खोताचं. एकेकाळी घरात बऱ्यापैकी सुबत्ता होती, पण पांडुरंगाला कळायला लागलं तोवर सगळं उतरणीला लागलं होतं. कर्ज वाढलं, घरदार गेलं. खोताच्या घरचं पोर गरिबीत वाढू लागलं.

या काळात त्याला आईनं जे शिकवलं, तेच पुढं पुस्तकात आलं. पुस्तकातल्या श्यामच्या आईकडं पोराला द्यायला पैसा नाही की मोठी पुस्तकं नाहीत. तिचं शिकवणं चालतं ते रोजच्या कामातून.

आंघोळ झाल्यावर पाय मातीत भरू नयेत म्हणून श्याम हट्ट धरतो, आई आपला पदर दगडावर पसरते. पोरगा त्यावर पाय ठेवून घरात येतो. मग ती त्याला सांगते की पायाला जसं जपतोस तसंच मनालाही घाण लागू देऊ नकोस. एवढाच प्रसंग. पण मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांच्या तो डोक्यात पक्का बसलेला असतो.

दुसरा प्रसंग पोहण्याचा. विहिरीत उडी मारायची म्हणून घाबरलेला श्याम लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, शिंपटीनं फोडून काढते आणि विहिरीवर पाठवते. तो पोहून परत येतो तेव्हा तिच्याच डोळ्यांत पाणी असतं आणि त्याच्यासाठी दही काढून ठेवलेलं असतं. पोरगं भित्रं राहिलं तर जग त्याला हसेल, हे तिला सहन होणार नव्हतं.

आणि तिसरा प्रसंग मोळीचा. एक म्हातारी महार बाई डोक्यावरून पडलेली लाकडाची मोळी उचलायला धडपडत असते. त्या काळी तिला शिवायची सोय नव्हती. आई श्यामला सांगते की जा, मोळी उचलून तिच्या डोक्यावर दे आणि मग घरी येऊन आंघोळ कर.

हा तिसरा प्रसंग लक्षात ठेवा. आईनं माणुसकी शिकवली, पण आंघोळीची अट तिलाही मोडता आली नाही. ती मोडायचं काम पुढं पोरानं केलं.

प्राथमिक शिक्षण संपल्यावर पांडुरंग दापोलीच्या मिशन शाळेत गेला. घरची परिस्थिती अशी की पुढचं शिक्षण बंद पडायची वेळ आली. गरीब मुलांची सोय होते असं ऐकून तो साताऱ्याकडच्या औंध संस्थानात गेला. तिथं प्लेगची साथ आली. मग पुणे. कुणाच्या आधारानं राहायचं, कधी अर्धपोटी झोपायचं, असं करत शिक्षण चाललं.

आणि नोव्हेंबर १९१७ मध्ये यशोदाबाई गेल्या.

पांडुरंग तेव्हा १७ वर्षांचा होता. आई गेली तेव्हा तो तिच्याजवळ नव्हता. शेवटची भेट झाली नाही. ज्या बाईनं त्याला माणूस बनवलं तिच्या तोंडात पाणी घालायलाही तो पोचला नाही. ही बोच त्याला आयुष्यभर पुरली.

तरी तो शिकत राहिला. बीए झाला, एमए झाला. खानदेशातल्या अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर नावाची संस्था होती, तिथं पुढच्या अभ्यासासाठी गेला. पण मन रमलं नाही. त्याच गावातल्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ मध्ये तो शिक्षक म्हणून लागला. साने सर तिथं सहा वर्षं होते आणि गुरुजी झाले ते तिथंच.

शाळेचं वसतिगृह त्यांच्याकडं आलं. खेड्यापाड्यातली पोरं, आईबापापासून पहिल्यांदाच लांब आलेली. खोल्यांमध्ये पसारा, कपडे इकडं तिकडं, कंदिलाच्या काचा काळ्या. दुसरा कुठला रेक्टर असता तर छडी घेऊन फिरला असता. गुरुजी पोरं शाळेत गेली की खोल्या झाडायचे, अंथरुणं नीट करायचे, कंदील पुसून ठेवायचे, पोरांचे मळलेले कपडे धुवून वाळत घालायचे. बोलायचे काहीच नाहीत.

एक-दोनदा पोरांना मजा वाटली. मग लाज वाटायला लागली. हळूहळू पोरं स्वतःच आपली खोली आवरू लागली.

त्यांनी वसतिगृहातल्या मुलांसाठी हातानं लिहिलेलं एक दैनिक चालवलं, त्याचं नाव छात्रालय. दिवसभर शिकवून झालं की रात्री बसून ते लिहायचे आणि सकाळी पोरं उठली की वाचायला तयार. १९२८ मध्ये विद्यार्थी नावाचं मासिकही काढलं.

थोडक्यात, पालगडच्या घरात आईनं एका पोरासाठी जे केलं, ते गुरुजी अमळनेरला वसतिगृहभर पोरांसाठी करत होते. आईची माया देता येते तशी ती शिकताही येते, हे त्यांनी आपल्या वागण्यातून दाखवलं.

१९३० मध्ये गांधीजींनी मिठाचा सत्याग्रह सुरू केला. गुरुजींनी नोकरी सोडली आणि चळवळीत उडी घेतली. भित्रा श्याम आता विहिरीवर ढकलायची वाट बघत बसणारा राहिला नव्हता.

मग तुरुंगवास सुरू झाला. धुळे, मग थेट तमिळ मुलखातलं त्रिचनापल्ली. तिथं वेगवेगळ्या भाषांचे कैदी एकत्र होते. एका देशातली माणसं, पण एकाला दुसऱ्याचं बोलणं कळेना. गुरुजी तमिळ शिकले, पुढं तिरुवल्लुवरांचा कुरळ त्यांनी मराठीत आणला. भारतातल्या सगळ्या भाषांनी एकमेकींना ओळखावं, या त्यांच्या आंतरभारतीच्या स्वप्नाचं बी इथंच पडलं.

१९३२ मध्ये गुरुजी पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात होते आणि तिथंच विनोबाही होते.

जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून गांधीजींनी १९२१ मध्ये विनोबांना वर्ध्याला आश्रम चालवायला पाठवलं होतं. तेव्हापासून विनोबांची कर्मभूमी वर्धाच होती. धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांनी विनोबांना गीतेवर बोलायची विनंती केली. २१ फेब्रुवारी १९३२ ते १९ जून १९३२. दर रविवारी एक, असे १८ रविवार आणि गीतेचे १८ अध्याय.

तेव्हा रेकॉर्डिंग वगैरे काही नव्हतं. विनोबा बोलत जायचे आणि गुरुजी लिहीत जायचे. बोलण्याच्या वेगानं, शब्द न गाळता. विनोबा त्यांच्यापेक्षा फक्त चार वर्षांनी मोठे, पण गुरुजी समोर बसले ते शिष्य म्हणून. त्या वह्यांमधून गीता प्रवचने हे पुस्तक तयार झालं आणि पुढं देशातल्या कितीतरी भाषांत गेलं. त्या रविवारी साने नावाचा कैदी वही घेऊन बसला नसता, तर ती प्रवचनं तुरुंगाच्या भिंतीतच विरून गेली असती.

पुढच्याच वर्षी गुरुजी नाशिकच्या तुरुंगात होते. आता समोर कुणी बोलणारं नव्हतं. होती ती आईची आठवण.

फेब्रुवारी १९३३ मध्ये, ९ ते १३ तारखेच्या पाच दिवसांत त्यांनी श्यामची आईचा बराचसा भाग लिहून काढला. दिवसा तुरुंगाचं काम आणि उरलेल्या वेळात लिखाण. लिहिताना डोळ्यातून पाणी वाहायचं.

पुस्तकाची मांडणी साधी आहे. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो. अशा ४२ रात्री. म्हणजे पुस्तकात दोन श्याम आहेत. एक आईकडून शिकणारा लहानगा आणि दुसरा तेच दुसऱ्यांना देणारा मोठा. पुस्तक १९३५ मध्ये छापून आलं आणि घराघरात पोचलं.

एवढं नाव झाल्यावर माणूस निवांत बसला असता. गुरुजी बसले नाहीत. शेतकऱ्यांसाठी, कामगारांसाठी फिरत राहिले. १९४२ च्या चळवळीत भूमिगत झाले, पुन्हा तुरुंगात गेले.

आणि मग ती लाकडाची मोळी परत समोर आली.

पंढरपूरचा विठोबा. सगळ्या महाराष्ट्राचं दैवत. पण अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या माणसांना देवळात जायची बंदी होती. चोखामेळ्याला पायरीशी थांबावं लागलं, त्याला सहाशे वर्षं होऊन गेली तरी दार काही उघडलं नव्हतं. देश स्वतंत्र व्हायच्या आधी विठोबा मोकळा झाला पाहिजे, असं गुरुजींनी ठरवलं.

आधी ते महाराष्ट्रभर फिरले. राष्ट्र सेवा दलाचे तरुण सोबतीला होते. गावोगावी सभा झाल्या, मंदिरं आणि विहिरी सगळ्यांसाठी उघडा म्हणून लोकांची मनं वळवली. अनेक गावांनी देवळं उघडली. पंढरपूर मात्र हललं नाही.

१ मे १९४७ रोजी गुरुजींनी पंढरपुरात उपोषण सुरू केलं.

विशेष म्हणजे खुद्द गांधीजींनी त्यांना उपोषण थांबवायला सांगितलं होतं. ज्यांच्या शब्दाखातर नोकरी सोडली, तुरुंग पाहिले, त्यांनीच थांब म्हटलं. गुरुजींनी मान ठेवला, पण उपोषण सोडलं नाही. आपण करतोय ते बरोबर आहे याची त्यांना खात्री होती. गुरूचं ऐकावं कधी आणि स्वतःच्या मनाचं ऐकावं कधी, हेही शिकलेल्या माणसालाच कळतं.

दहा दिवसांनी मंदिराच्या बाजूनं होकार आला आणि गुरुजींनी उपोषण सोडलं. पंढरपूरचं दार सगळ्यांसाठी उघडायचं ठरलं. श्यामच्या आईनं सांगितलेली आंघोळीची अट तिच्याच पोरानं अशी मोडून काढली.

तीन महिन्यांनी स्वातंत्र्य आलं. पण जसं हवं होतं तसं आलं नाही. फाळणी, दंगली. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली. मारणारा महाराष्ट्रातला होता. गुरुजींना हे सोसलं नाही. त्यांनी २१ दिवसांचं उपोषण केलं.

त्यातूनही ते पुन्हा उभे राहिले. १५ ऑगस्ट १९४८ ला साधना साप्ताहिक सुरू केलं. ते आजही निघतं. याच काळात पुतणीला लिहिलेल्या पत्रांमधून ते तिला फुलं, पाखरं, पाऊस, पुस्तकं यांच्याबद्दल सांगत राहिले. पत्रं वाचणाऱ्याला वाटेल की हा माणूस किती आनंदात आहे.

तो आनंदात नव्हता. ११ जून १९५० रोजी साने गुरुजींनी मुंबईत स्वतःचं आयुष्य संपवलं. वय होतं ५० वर्षं.

महाराष्ट्राला हा धक्का पचवता आला नाही. ज्यानं हजारो पोरांना जगावर प्रेम करायला शिकवलं, त्यालाच जगणं असह्य व्हावं, हे कुणाला पटेना. काहींनी त्यांना हळवं म्हटलं, काहींनी दुबळं. पण तुरुंग, उपोषणं आणि गावोगावचा विरोध झेललेल्या माणसाला दुबळं कसं म्हणायचं? दुसऱ्यांना आधार देणाऱ्या माणसालाही आधार लागतो, एवढीच साधी गोष्ट होती. वसतिगृहातल्या पोरांचे कंदील गुरुजींनी पुसले. गुरुजींच्या मनातला अंधार बघायला मात्र कुणी वेळेवर पोचलं नाही.

त्यानंतर तीन वर्षांनी, १९५३ मध्ये आचार्य अत्रेंनी श्यामची आई पडद्यावर आणला.

अत्रे म्हणजे विनोदाचे आणि टीकेचे बादशहा. गुरुजींच्या अगदी उलट स्वभाव. पण सिनेमात त्यांनी कुठं थट्टा येऊ दिली नाही. आईच्या भूमिकेसाठी त्यांनी निवडलं वनमालाबाईंना. सोहराब मोदींच्या सिकंदरमध्ये झळकलेली, देखणी म्हणून देशभर नाव झालेली ही नटी. तिनं साधं लुगडं नेसून कोकणातली गरीब आई उभी केली. श्याम झाला माधव वझे नावाचा पोरगा. संगीत वसंत देसाईंचं.

सिनेमा तुफान चालला. भरजरी गं पितांबर आणि छडी लागे छम छम ही गाणी आजही शाळांच्या गॅदरिंगमध्ये वाजतात.

१९५४ मध्ये सरकारनं पहिल्यांदाच राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार द्यायला सुरुवात केली. स्पर्धेत बिमल रॉय यांचा दो बिघा जमीनसारखा सिनेमा होता. तरी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं ते श्यामची आईला.

बरोबर ७० वर्षांनी, २०२३ मध्ये सुजय डहाके यांनी याच पुस्तकावर पुन्हा सिनेमा केला, तोही कृष्णधवल. ओम भूतकर त्यात साने गुरुजी झाले. त्यालाही सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

इटलीतला टोटो मोठा होऊन गावी परत येतो तेव्हा अल्फ्रेडो गेलेला असतो. मागं उरते ती त्यानं टोटोसाठी जपून ठेवलेली एक फिल्म. आपल्या गोष्टीत उलटं झालं. आई आधीच गेली होती, मग श्यामही गेला, आणि सगळ्यात शेवटी फिल्म आली.

पण गुरुजींनी मागं ठेवलेली वस्तू फक्त सिनेमा नाही. पुढच्या वेळी हिंगणीकडून सेलूमार्गे वर्ध्याला जाल तेव्हा पवनारला थांबा आणि गोपुरीच्या शिळाही बघा. एका आईसाठी लिहिलेले शब्द तिथं दगडावर आहेत. दुसऱ्या आईसाठी लिहिलेले शब्द दगडावर कोरावे लागले नाहीत. ते वाचून मोठी झालेली पोरं आता आजी-आजोबा झाली आहेत आणि अंगणातून घरात पळत येणाऱ्या नातवाला पाय धुवून ये म्हणताना त्यांना हटकून श्याम आठवतो.